शंभर किलो ओला कचरा: गॅस, खत आणि पैशांचा हिशेब

ओल्या कचऱ्याबद्दल आपल्याकडे दोन टोकांचं बोललं जातं. एक म्हणजे 'कचऱ्यातून सोनं': गॅस विका, खत विका, मेंटेनन्स कमी करा. दुसरं म्हणजे 'हे सगळं कागदावर, प्लांट वर्षभरात बंद पडतो'. ठाण्यात आणि नवी मुंबईत दोन्ही म्हणणारे भेटतात, आणि दोघांकडेही दाखवायला उदाहरणं असतात. मला वाटतं, दोघंही फक्त विक्रीची वही बघतायत. ओल्या कचऱ्याचा फायदा खरा आहे, भरपूर आहे, पण तो गॅस किंवा खत विकून येणाऱ्या पैशांत फारसा दिसत नाही. तो दिसतो कचरा जिथे जायचा थांबला, तिथे. आणि तिथला फायदा सगळ्यांचा असतो, खर्च मात्र सोसायटीच्या किंवा मंडईच्या गळ्यात पडतो. गाडं अडतं ते इथेच.

हिशेबासाठी रोजचा 100 किलो ओला कचरा धरू. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी रोज सरासरी 100 किलोच्या वर कचरा करणाऱ्यांची वेगळी वर्गवारी केली आणि 5,000 चौरस मीटरहून मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असं सांगितलं. दीडशे-दोनशे घरांची सोसायटी साधारण एवढा ओला कचरा करते: भाजीची देठं, फळांच्या साली, उरलेला भात, चहाचा चोथा, देवाची फुलं. त्यातलं सत्तर ते ऐंशी टक्के निव्वळ पाणी असतं. हे पाणी लक्षात ठेवा, पुढे प्रत्येक वळणावर ते आडवं येणार आहे.

काहीच केलं नाही तर

घंटागाडी हा कचरा घेऊन जाते. नवी मुंबईचा तुर्भ्याच्या डम्पिंगवर जातो, ठाण्याचा कितीतरी वर्षं दिव्याच्या डम्पिंगवर जायचा. तिथे तो ढिगात दाबला जातो आणि आत हवा पोचत नाही. हवेशिवाय जगणारे जिवाणू मग तो कुजवतात आणि त्यातून मिथेन सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट भारी आहे. वीसच वर्षांचा काळ धरला तर ऐंशी पटींहून जास्त.

हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीचं, म्हणजे आयपीसीसीचं, कचऱ्यासाठी एक ठरलेलं सूत्र आहे. ते लावलं तर खोल ढिगात गेलेल्या 100 किलो अन्नकचऱ्यातून पुढच्या काही वर्षांत मिळून साधारण 4 किलो मिथेन बाहेर पडतो. म्हणजे शंभराहून जास्त किलो कार्बन डायऑक्साइडएवढा परिणाम. एका सोसायटीच्या एका दिवसाच्या कचऱ्याचा.

शिवाय ढिगातून झिरपणारं काळं पाणी असतं, आणि आगी असतात. 2016 च्या जानेवारीत मुंबईतलं देवनारचं डम्पिंग पेटलं तेव्हा धुराने लोकांना दिवसेंदिवस खिडक्या उघडता आल्या नव्हत्या. जमिनीचंही नुकसानच. कोपरखैरण्याचं जुनं डम्पिंग बंद करून तिथे निसर्ग उद्यान झालं, छान झालं. पण अशा जागेचं सहसा फार तर उद्यानच होऊ शकतं. खालचा कचरा पुढे कित्येक वर्षं खचत राहतो, वायू सोडत राहतो. त्यावर सहजासहजी इमारत उभी करायची सोय नसते.

गॅस केला तर

कचऱ्यापासून गॅस ही काही परदेशातून नुकतीच आलेली कल्पना नाही. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात 1897 च्या सुमारास मैल्यापासून गॅस करून वापरला जात होता. अगदी जवळचं उदाहरण म्हणजे वाशी खाडीच्या पलीकडे, मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेला 'निसर्गऋण' प्लांट. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती संस्थेने घराच्या गच्चीवर बसेल असा छोटा बायोगॅस संच तयार केला. तंत्र आपल्या हातात आहे, घराजवळचं आहे.

आत घडतं ते डम्पिंगवर घडतं तेच, फक्त बंद टाकीत. कचऱ्याचा पाणी घालून लगदा करतात आणि टाकीत सोडतात. सुरुवातीला शेणकाला घालतात, कारण मिथेन करणारे जिवाणू गाईच्या पोटात आयते असतात. काही जिवाणू अन्नाचं आम्ल करतात, दुसरे त्या आम्लाचा मिथेन करतात. पहिल्यांचा वेग जास्त, दुसरे सावकाश आणि नाजूक. मोसंबीच्या साली किंवा लग्नातला उरलेला भात एका दिवशी खूप लोटला, की आम्ल वाढतं, मिथेनवाले दबतात, आणि गॅस येतो पण पेटत नाही. प्लांट चालवणारे म्हणतात, 'टाकीचं पोट बिघडलं'. उपायही पोटाचाच: दोन-चार दिवस खायला द्यायचं नाही, थोडा चुना, थोडं शेण.

सगळं नीट चाललं तर 100 किलो कचऱ्यातून 8 ते 10 घनमीटर बायोगॅस मिळतो. एक घनमीटर म्हणजे साधारण 0.45 किलो एलपीजी. म्हणजे रोज चार-साडेचार किलो, महिन्याला 19 किलोचे सहा-सात सिलिंडर. सिलिंडर सतराशे-अठराशेला धरला तर अकरा-बारा हजार रुपये. त्यातून टाकीवर रोज राबणाऱ्या एका माणसाचा पगारही धड निघत नाही. मशीनची दुरुस्ती, पाणी, वीज वेगळीच. हॉटेलला, कँटीनला, हॉस्टेलला हे परवडू शकतं, कारण त्यांना गॅस तिथेच लागतो आणि माणसं आधीच कामावर असतात. सोसायटीत मात्र गॅस तयार झाल्यावर प्रश्न पडतो, की हा वापरायचा कुठे? घराघरात पाइपचा गॅस आलेला आहे. क्लब हाउसचं स्वयंपाकघर आठवड्यातून एकदा पेटतं. मग जनरेटर लावून वीज करायची, तर गॅसमधली बरीच ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते आणि एका घनमीटरमागे दीड-दोन युनिट पदरात पडतात.

आता पर्यावरणाची वही उघडू. साडेचार किलो एलपीजी वाचला म्हणजे सुमारे 13-14 किलो कार्बन डायऑक्साइड वाचला. आणि कचरा डम्पिंगवर गेला नाही म्हणून शंभराहून जास्त किलो. फरक बघा. इंधन वाचण्याचा फायदा थोडा आहे. मोठा फायदा आहे तो कचरा ढिगात न जाण्याचा. 'कचऱ्यातून ऊर्जा' म्हणून जे आपण मिरवतो, ते त्यातलं लहान भावंड आहे.

म्हणूनच गळतीकडे डोळेझाक चालत नाही. 10 घनमीटर बायोगॅसमध्ये साधारण 4 किलो मिथेन असतो. त्यातला दहावा भाग सांध्यांतून, गॅस साठवायच्या फाटलेल्या फुग्यातून किंवा स्लरीच्या, म्हणजे गॅस निघाल्यावर उरणाऱ्या पातळ लगद्याच्या, उघड्या टाकीतून निसटला, तर एलपीजी वाचवून जे कमावलं ते जवळजवळ सगळं तिथेच गेलं. गॅस जास्त झाला म्हणून हवेत सोडून देणारे प्लांट असतात. त्यापेक्षा तो नुसता जाळून टाकणं शंभर पटीने शहाणपणाचं. पेटवला की मिथेनचा कार्बन डायऑक्साइड होतो, आणि तो कार्बन काही महिन्यांपूर्वी भाजीने हवेतूनच घेतलेला असतो.

आणि एक सांगायलाच हवं. या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो त्याचाच. तो बर्नर आणि इंजिन गंजवतो, म्हणून लोखंडाच्या किसातून गाळून घ्यावा लागतो. बंद टाकीत साचला तर माणूस मारतो. टाकी तुंबली म्हणून कुणालाही आत उतरवायचं नाही. कधीच नाही.

स्लरीचं काय करायचं

गॅस निघून गेल्यावर कचऱ्यातलं नत्र, स्फुरद, पालाश टाकीतच राहतं. ते बाहेर येतं पातळ, काळपट स्लरीच्या रूपात. 100 किलो कचऱ्यात तेवढंच पाणी घातलं असेल तर रोज जवळपास 200 लिटर. झाडांना हे उत्तम अन्न आहे. गावात परसात शेत असतं, पाट काढला की झालं. कोपरखैरण्यात किंवा घोडबंदर रोडला रोजची 200 लिटर स्लरी रिचवेल एवढी बाग किती सोसायट्यांकडे आहे? आणि जून ते सप्टेंबर बागेला पाण्याचा थेंबही नको असतो, तेव्हा काय?

मग ती रात्री गुपचूप गटारात जाते. तिथून नाल्यात, नाल्यातून खाडीत. स्लरी कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाते. डम्पिंगवरचा बोजा उचलून आपण तो ठाण्याच्या खाडीत ठेवला, एवढंच होतं. प्लांट बसवायच्या आधी स्लरीचं ठिकाण लेखी ठरलेलं नसेल, तर बसवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. घट्ट भाग गाळून तो पाल्याबरोबर खताच्या खड्ड्यात टाकायचा आणि वरचं पाणी परत लगदा करायला वापरायचं, हा मार्ग बऱ्यापैकी चालतो. पण तेच पाणी फिरवत राहिलं की त्यात अमोनिया आणि मीठ साठत जातं, म्हणून अधूनमधून थोडं बदलावं लागतं.

खत केलं तर

खताचा मार्ग स्वस्त आहे आणि सगळ्यांना जमतो. मात्र त्यातून ऊर्जा मिळत नाही. कचऱ्यातली ऊर्जा जिवाणू खातात आणि ढीग आतून तापतो. चांगला ढीग 55-60 अंशांपर्यंत जातो, हात घातला तर चटका बसतो. या उष्णतेने रोगजंतू आणि तणाचं बी मरतं.

इथे गणित आहे कर्ब (म्हणजे कार्बन) आणि नत्राचं (म्हणजे नायट्रोजनचं). जिवाणूंना एका भाग नत्रामागे 25 ते 30 भाग कर्ब लागतो. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात कर्ब कमी आणि पाणी फार. म्हणून नुसता ओला कचरा खड्ड्यात टाकला की चिखल होतो, हवा बंद होते, अळ्या पडतात, आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका सेक्रेटरीला फोन करतात. त्यात सुकं काहीतरी मिसळायलाच हवं: पालापाचोळा, लाकडाचा भुसा, कोकोपीट. पालापाचोळा फुकट मिळतो, पण तो मिळतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, पानगळीत. त्याची सर्वांत जास्त गरज पडते जुलैत. रस्त्याकडेला बदामाची आणि पर्जन्यवृक्षाची पानं ढिगाने पडतात तेव्हा आपण ती झाडून गाडीत देतो, कुठे कुठे तर पेटवून देतो, आणि पावसाळ्यात कोकोपीटच्या विटा विकत आणतो. होळीच्या आसपास पानं गोण्यांत भरून पार्किंगच्या कोपऱ्यात रचून ठेवणारी सोसायटी पावसाळ्यातही खत करते.

100 किलो कचऱ्यातून दीड-दोन महिन्यांनी 15 ते 20 किलो तयार खत निघतं. महिन्याचं अर्धा टन धरू. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे शहरी कचऱ्याच्या खतात नत्र किमान 0.8 टक्के हवं. म्हणजे अर्ध्या टनात 4 किलो नत्र. युरियात नत्र 46 टक्के. तेवढंच नत्र युरियाच्या पावणेनऊ किलोत येतं, आणि 45 किलोची गोणी अनुदानामुळे 266 रुपयांच्या आसपास मिळते. सोसायटीच्या महिनाभराच्या खतातल्या नत्राची बाजारातली किंमत पन्नास-बावन्न रुपये! मुरबाडच्या किंवा शहापूरच्या शेतकऱ्याने 'एवढं ओझं माझ्या बांधावर आणून तरी द्या' म्हटलं, तर त्याचं काय चुकलं?

पण ही तुलनाच अर्धी आहे. युरियाची खरी किंमत त्या 266 च्या कितीतरी पट असते, फरक सरकार भरतं. आणि युरियात सेंद्रिय कर्ब नसतो. शहरी खतात तो किमान 12 टक्के हवा. आपल्या कोरडवाहू जमिनींत सेंद्रिय कर्ब बऱ्याच ठिकाणी अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे. त्यामुळे माती पाणी धरत नाही आणि घातलेलं रासायनिक खतही वाहून जातं. खताचं मोल तिथे आहे, आणि ते दोन-तीन हंगामांनी दिसतं. विकत घेणाऱ्याला आज दिसत नाही म्हणून बाजार ते मोजत नाही. केंद्राने सेंद्रिय खताच्या विक्रीला टनामागे 1,500 रुपयांची मदत ठेवली, म्हणजे किलोला दीड रुपया. घाटावर नेण्याचं भाडंच त्यातलं बरंचसं खाऊन टाकतं.

चोवीस तासांत खत?

हा मुद्दा थोडा बाजूचा आहे, पण सोसायट्यांचे पैसे इथेच जास्त बुडतात. 'सकाळी कचरा टाका, उद्या सकाळी खत घ्या' अशी मशीनं विकली जातात. यातली बरीच मशीनं कचरा तापवून वाळवतात. एक किलो पाण्याची वाफ करायला किमान 0.63 युनिट वीज लागते. 100 किलो कचऱ्यातलं 65 किलो पाणी उडवायचं तर चाळीस युनिट, तेही काही वाया गेलं नाही असं धरून. दहा रुपयांच्या दराने महिन्याला बारा हजार. ज्या कचऱ्यातून आपल्याला गॅस मिळाला असता त्यावरच आपण वीज खर्च करतोय. आणि जे निघतं ते खत नसतं, वाळलेला कचरा असतो. कुंडीत घालून पाणी दिलं की पुन्हा कुजायला लागतो, बुरशी धरतो, रोप पिवळं पडतं. कचरा बारीक करून भुशात कालवणारं आणि मग पुढचे काही आठवडे क्रेटमध्ये मुरवायला सांगणारं मशीन वेगळं. ते रास्त आहे. विक्रेत्याला विचारायचा प्रश्न सोपा आहे: आत हीटर आहे का, आणि दिवसाला किती युनिट खातो?

मोठा प्लांट की छोटा

मोठ्या प्लांटमध्ये गॅस शुद्ध करून गाडीत भरता येतो. त्यातला मिथेन 90 टक्क्यांवर न्यावा लागतो, दाब द्यावा लागतो. ही यंत्रणा महाग, म्हणून रोज कित्येक टन कचरा लागतो. इंदूरचा प्लांट फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाला, रोज 550 टन ओल्या कचऱ्याचा आणि 17 टन सीएनजीचा. दुसरीकडे केंद्राने 2018 मध्ये 'सतत' योजनेत देशभर असे 5,000 प्लांट 2023-24 पर्यंत व्हावेत असं लक्ष्य ठेवलं, आणि उभे राहिलेले प्लांट त्याच्या जवळपासही पोचले नाहीत. इंदूरला टाकी काही जगावेगळी नाही. तिथे घराघरातून कचरा वेगळा येतो.

वेगळा करणं म्हणजे काय, ते कुठल्याही सोसायटीच्या मागच्या गेटपाशी सकाळी उभं राहून बघा. हाउसकीपिंगच्या मावशी हिरवा डबा पत्र्यावर उपडा करतात आणि हाताने निवडतात. दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, नखाएवढा. केळीच्या सालीला चिकटलेला स्टिकर. रबरबँड, औषधाचं पाकीट, कागदात गुंडाळलेलं सॅनिटरी पॅड, कधी स्टीलचा चमचा. पिशवीचा तो कोपरा निसटला तर पंपात अडकतो किंवा खतातून शेतात जातो, आणि शेतातून परत काढता येत नाही. दोनशे घरांनी दहा-दहा सेकंद द्यायचे ते काम एका बाईच्या बोटांवर येतं, बऱ्याचदा हातमोज्यांशिवाय. कचऱ्याच्या कुठल्याच हिशेबात ही मजुरी धरलेली नसते.

म्हणून मला वाटतं, आपल्या भागात सुरुवात एपीएमसीसारख्या, म्हणजे बाजार समितीच्या घाऊक मार्केटसारख्या, ठिकाणाहून व्हावी. वाशीच्या भाजी मार्केटमध्ये पहाटे कोबीची पानं, फुटलेले टोमॅटो, पालेभाजीच्या काड्या नुसत्या ढिगाने पडतात, आणि त्यात घरच्या कचऱ्याएवढी भेसळ नसते. हा माल गॅसला उत्तम. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्यांतला पेंढा निघतो. तो गॅसच्या टाकीत सहज पचत नाही, पण खतात कर्ब म्हणून हवाच असतो. एकाच आवारात दोन्ही मार्ग एकमेकांना पूरक ठरतात. शहाळ्यांची टरफलं मात्र दोन्हीकडे नको असतात. आधी यंत्रात फोडून बारीक करायची, मगच खताला.

आणि या मार्केटमध्ये टोमॅटो येतात नारायणगावहून, जुन्नरहून, नाशिकहून. तिथल्या मातीतलं नत्र, पालाश रोज ट्रकने घाट उतरून येतं आणि तुर्भ्याच्या ढिगात पुरलं जातं. माल उतरवून ट्रक परत जातातच. त्यांच्या परतीच्या भाड्यात खत घाटावर जावं यासाठी बाजार समिती आणि महापालिकेने मिळून व्यवस्था लावणं अशक्य नाही. खर्च येईल. पण आत्ताही आपण पैसे देऊन कचरा वाहतोच आहोत.

सोसायट्यांसाठीही हीच रीत असावी. जी सोसायटी रोज 100 किलो जिरवते, ती महापालिकेचं वाहतुकीचं भाडं, डम्पिंगची जागा आणि मिथेन वाचवते. त्यातला वाहतुकीचा वाचलेला पैसा तरी मालमत्ता करात सूट म्हणून तिला परत मिळायला हवा, आणि तोही मशीन बसवल्याच्या पावतीवर नाही, तर जिरवलेल्या वजनावर. मशीन बसवून कुलूप लावणारे थोडे नाहीत. वजनकाट्याची रोजची नोंद, गॅस असेल तर मीटरचं रीडिंग, खत असेल तर वर्षातून दोनदा प्रयोगशाळेची तपासणी, आणि स्लरी कुठे जाते त्याची वही. एवढी कागदं दाखवणाऱ्याला सूट, बाकीच्यांना पूर्ण कर. त्या करसवलतीचा एक वाटा निवडणाऱ्या मावशींच्या पगारात गेला पाहिजे, आणि तो किती, हे सोसायटीच्या ठरावात रकमेसकट लिहिलेलं असावं.